डेंग्यूत सगळे प्लेटलेट मोजतात, पण खरा घोळ होतो रक्तवाहिनीच्या अस्तरात

पावसाळा सरत आला की श्रीगोंद्याकडच्या व्हॉट्सअप ग्रुपवर दोन प्रकारचे मेसेज फिरायला लागतात. पहिला, कुकडीचं आवर्तन कधी सुटणार? आणि दुसरा, अमक्याच्या पोराला डेंग्यू झालाय, प्लेटलेट खाली आल्यात, कुणाकडं पपईची पानं आहेत का?

वरवर बघितलं तर या दोन मेसेजचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. पण डेंग्यूत माणूस नेमका कशानं दगावतो हे समजून घ्यायचं असेल, तर कालव्याइतकं सोपं उदाहरण दुसरं सापडणार नाही.

डेंग्यू म्हणलं की घरातले सगळे एकाच आकड्यामागं लागतात. काल ९० हजार होत्या, आज ६० झाल्या, उद्या किती? किवी आणा, ड्रॅगन फ्रूट आणा, बकरीचं दूध बघा. पण डेंग्यूचे बहुतेक पेशंट प्लेटलेट कमी झाल्या म्हणून दगावत नाहीत. रक्तवाहिन्यांच्या आतलं अस्तर गळायला लागतं, रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं आणि शरीर शॉकमध्ये जातं. जीवावर बेततं ते प्रामुख्यानं यामुळं.

आणि गंमत म्हणजे हे अस्तर उसवणाऱ्याचं नाव लॅबच्या रिपोर्टवर ठळक अक्षरात छापलेलं असतं. ते म्हणजे 'एनएस१ पॉझिटिव्ह'मधलं एनएस१. ते नाव सगळे वाचतात. पण हा एनएस१ करतो काय, हे फारसं कुणी विचारत नाही.

तेच आता नीट समजून घेऊ.

कालव्याला अस्तर असतं, तसं रक्तवाहिनीलाही असतं

कुकडीचा डावा कालवा जुन्नरकडून निघतो आणि पारनेर, श्रीगोंदा, कर्जत करत थेट करमाळ्यापर्यंत जातो. या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. धरण भरलं म्हणजे आपल्या चारीला पाणी आलं, असं नसतं.

कारण पाणी वाटेत मुरतं. कालव्याचं अस्तर जिथं फुटलंय तिथून पाझर सुरू होतो. मग कालव्याशेजारची जमीन चिबड होते, तिथं पीक पाण्यानं सडतं आणि टेलच्या गावात मात्र पिकाला पाणी मिळत नाही. पाणी तर सोडलेलं असतं, पण ते जिथं असायला पाहिजे तिथं नसतं.

गंभीर डेंग्यूत शरीरात अगदी असंच होतं. रक्तातलं पाणी रक्तवाहिनीच्या बाहेर झिरपतं. पोटात पाणी साठतं, फुप्फुसांच्या भोवती पाणी साठतं. ही झाली चिबड जमीन. आणि मेंदू, मूत्रपिंड, यकृत या टेलच्या गावांना रक्त कमी पडायला लागतं.

रक्तवाहिनीच्या या अस्तराला शास्त्रीय भाषेत 'एंडोथेलियम' म्हणतात. हृदयातून निघणाऱ्या मोठ्या महाधमनीपासून ते केसाहून कितीतरी बारीक केशवाहिनीपर्यंत सगळीकडं आतल्या बाजूनं हे अस्तर असतं. जाडी किती? तर फक्त एका पेशीची. फरशा शेजारीशेजारी बसवाव्यात तशा या चपट्या पेशी एकमेकींना चिकटून बसलेल्या असतात. सगळ्यात बारीक वाहिन्यांमध्ये तर या एका थराशिवाय भिंत अशी फारशी नसतेच.

खूप वर्षं डॉक्टरांना वाटायचं, हे अस्तर म्हणजे नुसता आतून लावलेला प्लास्टिकचा कागद आहे. रक्त आत ठेवायचं, बास.

हा समज मोडला रॉबर्ट फर्चगॉट या अमेरिकन शास्त्रज्ञानं. त्यांच्या प्रयोगशाळेत सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर प्रयोग चालायचे. एक रसायन टाकलं की कधी धमनी सैल पडायची, तर कधी उलट आखडायची. एकच रसायन, एकच प्राणी आणि निकाल मात्र दोन. शोध घेतल्यावर कळलं की पट्टी तयार करताना आतला थर खरवडला गेला तर धमनी सैल पडतच नाही. म्हणजे 'सैल हो' हा हुकूम अस्तराकडून येत होता. १९८० मध्ये त्यांनी हे जगासमोर मांडलं. पुढं कळलं की हा हुकूम म्हणजे नायट्रिक ऑक्साइड नावाचा साधा वायू आहे. या शोधांसाठी १९९८ चं नोबेल फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फरीद मुराद या तिघांना मिळालं.

तेव्हापासून अस्तर हा शरीरातला एक जिवंत, काम करणारा अवयव मानला जायला लागला.

अस्तरावर ड्युटीला कोण कोण असतं?

प्रथिनं म्हणलं की डोळ्यासमोर डाळ, अंडी आणि जिममधला डबा येतो. पण शरीरातली प्रथिनं ही खरं तर छोटी छोटी यंत्रं असतात. अस्तराच्या पेशींवर अशी शेकडो प्रकारची प्रथिनं बसलेली असतात आणि प्रत्येकाची ड्युटी ठरलेली असते. डेंग्यू समजण्यापुरती त्यातली काहीच बघू.

पहिलं प्रथिन आहे व्हीई-कॅडहेरिन. याचं काम हात धरून ठेवायचं. एका पेशीवरचं कॅडहेरिन शेजारच्या पेशीवरच्या कॅडहेरिनला घट्ट पकडतं. कबड्डीत बचाव करणारे खेळाडू साखळी करून उभे राहतात तसंच. ही साखळी जोपर्यंत घट्ट आहे तोपर्यंत रक्तातलं पाणी आणि त्यातली प्रथिनं आतच राहतात. क्लॉडिन-५ नावाचं दुसरं प्रथिन या जोडावर आणखी एक शिलाई घालतं.

दुसरा आहे अस्तरावरचा मऊ थर. पेशींवर सिंडेकनसारखी प्रथिनं उगवलेली असतात आणि त्यांना साखरेच्या लांबलचक साखळ्या लटकलेल्या असतात. या सगळ्या झालरीला ग्लायकोकॅलिक्स म्हणतात. शेताच्या बांधावर दाट गवत असलं की माती वाहून जात नाही, तसं हे गवत रक्त आणि पेशी यांच्या मध्ये उभं असतं. रक्तातलं मोठं प्रथिन, म्हणजे अल्ब्युमिन, हा थर सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. आणि अल्ब्युमिन आत राहिलं की ते पाण्यालाही आत धरून ठेवतं.

तिसरं प्रथिन टाय-२. हा आहे शांतता राखणारा शिपाई. याला दोन प्रकारचे निरोप येतात. अँजिओपोएटिन-१ आलं की 'सगळं ठीक आहे, जोड घट्ट ठेवा'. अँजिओपोएटिन-२ आलं की शांततेचा निरोप तुटतो आणि जोड सैल पडायला लागतात. हे दुसरं प्रथिन अस्तराच्या पेशींनी आधीच तयार करून स्वतःच्या पोटात साठवून ठेवलेलं असतं. धोक्याची घंटा वाजली की ते लगेच बाहेर सोडता येतं.

आता प्रश्न पडेल, की शरीर स्वतःच अस्तर सैल करायची सोय कशाला ठेवेल?

तर त्याचं कारण साधं आहे. बोटाला काटा लागला, जखमेत जंतू शिरले, तर पांढऱ्या पेशींना तिथं पोचायला रक्तवाहिनीतून बाहेर पडावं लागतं. मग त्या जागेचं अस्तर सिलेक्टिन आणि आयकॅम-१ अशी प्रथिनं पृष्ठभागावर आणतं. धावत्या पांढऱ्या पेशींना ही प्रथिनं हात करून थांबवतात, भिंतीला चिकटवतात आणि जोडातून पलीकडं सोडतात. जखमेभोवती सूज येते ती याच कारभारामुळं. एका बोटापुरतं हे झालं तर ते संरक्षण असतं. पण अख्ख्या शरीरातले जोड एकाच वेळी सैल पडले, तर तेच संकट होतं.

याशिवाय पिझो-१ सारखी प्रथिनं रक्ताचा प्रवाह किती जोरात आहे हे ओळखतात आणि त्यानुसार अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं. पिझो प्रथिनांच्या शोधासाठी आर्डेम पॅटापुटियन यांना २०२१ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. बीपीसाठी घरातले आजोबा रामिप्रिल किंवा एनालाप्रिलची गोळी घेत असतील, तर ती ज्या एसीई नावाच्या प्रथिनाला अडवते तेही याच अस्तरावर बसलेलं असतं. रक्त आतल्या आत गोठू न देणारं थ्रॉम्बोमोड्युलिन हेसुद्धा इथलंच. थोडक्यात बीपी, सूज, रक्त गोठणं आणि न गोठणं, या सगळ्याचा कारभार या एका पातळ थरावरून चालतो.

मग एनएस१ नेमकं काय करतं?

एनएस१ हे डेंग्यूच्या विषाणूचं प्रथिन. विषाणू आपल्या पेशीत घुसला की तो तिच्याकडून स्वतःची प्रथिनं बनवून घेतो. त्यातलं एनएस१ मोठ्या प्रमाणात थेट रक्तात सोडलं जातं. म्हणूनच तापाच्या पहिल्या काही दिवसांत ते रक्ततपासणीत सापडतं आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो.

बरीच वर्षं एनएस१ ची ओळख आजाराची खूण एवढीच होती. २०१५ मध्ये चित्र बदललं. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या इव्हा हॅरिस यांच्या गटानं आणि ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या पॉल यंग यांच्या गटानं एकाच वेळी आपापलं संशोधन प्रसिद्ध केलं. हॅरिस यांच्या गटाला दिसलं की विषाणू नसताना नुसतं एनएस१ दिलं तरी उंदरांच्या रक्तवाहिन्या गळायला लागतात. म्हणजे एनएस१ स्वतःच एक प्रकारचं विष आहे.

पुढच्या वर्षी हॅरिस यांच्या गटानं ते कसं काम करतं हेही दाखवलं. एनएस१ अस्तराच्या पेशींना चिकटतं आणि त्या पेशींच्याच कात्र्या चालू करतं. सियालिडेज, हेपॅरानेज आणि कॅथेप्सिन-एल ही त्या कात्र्यांची नावं. या कात्र्या ग्लायकोकॅलिक्सचं गवत कापून काढतात आणि सिंडेकनचे तुकडे रक्तात वाहायला लागतात. बांधावरचं गवत गेलं की माती उघडी पडते, तसं अस्तर उघडं पडतं.

त्यात शरीराची प्रतिकारशक्ती चवताळलेली असते. ती जी रसायनं सोडते त्यांनी अँजिओपोएटिन-२ वाढतं, टाय-२ चा शांततेचा निरोप थांबतो, व्हीई-कॅडहेरिनचे हात सुटतात. दोन फरशांमध्ये फट पडते आणि आधी पाणी, मग अल्ब्युमिन बाहेर जायला लागतं.

इथं एक मुद्दा महत्त्वाचा आहे. डेंग्यूत अस्तराच्या पेशी मोठ्या प्रमाणात मरत नाहीत. फक्त त्यांचे हात सुटतात. त्यामुळं ही गळती बहुतेक वेळा २४ ते ४८ तासांत आपोआप थांबते. तेवढा वेळ पेशंटला सांभाळून नेलं की माणूस उठून बसतो. वेळेवर आणि नीट उपचार मिळाले तर गंभीर डेंग्यूतलं मृत्यूचं प्रमाण १ टक्क्याच्या खाली ठेवता येतं, ते याच कारणामुळं.

म्हणजे सगळा खेळ त्या एक-दोन दिवसांचा आहे. आणि नेमका तिथंच घोटाळा होतो.

ताप उतरला म्हणजे सुटलो?

डेंग्यूचा ताप साधारण २ ते ७ दिवस राहतो. अंग मोडून येतं, डोळ्यांच्या मागं दुखतं, पोरगं तापानं फणफणलेलं असतं. मग एके दिवशी ताप उतरतो. घरातले सुटकेचा श्वास सोडतात. कुणी डिस्चार्ज मागतं, कुणी कामावर जातं.

पण गळती सुरू होते ती बहुतेक वेळा याच सुमाराला. ताप उतरत असताना आणि त्यानंतरचे २४ ते ४८ तास हा डेंग्यूतला सगळ्यात नाजूक काळ.

या काळात बीपीही फसवतं. समजा पेशंटचं बीपी १०० वर ८० आहे. घरातले म्हणतात, वरचं १०० आहे की, मग काय टेन्शन? पण डॉक्टर दोन्ही आकड्यांमधलं अंतर बघतात. इथं ते फक्त २० आहे. रक्तवाहिन्यांमधलं पाणी कमी झालं की शरीर वाहिन्या आवळून प्रेशर टिकवायचा प्रयत्न करतं. त्यामुळं खालचा आकडा वर चढतो आणि अंतर कमी होत जातं. २० किंवा त्याहून कमी अंतर म्हणजे शॉक दारात आला. यात हातपाय गार पडतात, नाडी जलद आणि बारीक लागते, पण पेशंट शुद्धीत असतो, बोलतो. त्यामुळं बघणाऱ्याला वाटतं, बरा दिसतोय की.

रिपोर्टमधला खरा आकडा कुठला?

गुऱ्हाळावर काहिलीत उसाचा रस उकळत असतो. पाणी उडून जातं तसा रस दाट होत जातो. गूळ कधी उतरवायचा हे गुळव्या त्या दाटपणावरून ठरवतो.

रक्ताचंही असंच आहे. पाणी बाहेर झिरपलं की लाल पेशी मात्र आतच राहतात आणि रक्त दाट होतं. हा दाटपणा मोजणारा आकडा म्हणजे हिमॅटोक्रिट. साध्या सीबीसीच्या रिपोर्टवर तो एचसीटी किंवा पीसीव्ही या नावानं छापलेला असतो. प्लेटलेटच्याच कागदावर, चार ओळी इकडं तिकडं.

हा आकडा पेशंटच्या मूळ आकड्यापेक्षा २० टक्क्यांनी वाढला तर गळती मोठी आहे असं समजतात. म्हणजे आधी ४० होता तो ४८ झाला तर धोका. एका बाजूनं प्लेटलेट झपाट्यानं घटतायत आणि दुसऱ्या बाजूनं हिमॅटोक्रिट चढतोय, ही जोडी दिसली की डॉक्टर सावध होतात.

यात एक गोम आहे. ज्या बाईच्या अंगात आधीच रक्त कमी आहे, तिचा मूळ हिमॅटोक्रिट ३० असू शकतो. तो ३६ झाला तर रिपोर्टवर अगदी साधा, नॉर्मलच्या आसपासचा दिसेल. पण तिच्यासाठी ती २० टक्क्यांची वाढ आहे. महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त महिलांना अ‍ॅनिमिया असल्याचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलंय. त्यामुळं नुसता एक रिपोर्ट बघून भागत नाही. पहिल्या दिवसापासूनचे सगळे कागद जपून ठेवायचे आणि डॉक्टरांना दाखवायचे, ते याचसाठी.

मग प्लेटलेटला काही किंमतच नाही का?

आहे ना. प्लेटलेट झपाट्यानं घसरणं ही आजार नाजूक टप्प्याकडं निघाल्याची खूण आहे. रक्तस्राव सुरू झाला तर त्यांचं महत्त्व आणखी वाढतं. पण रक्तस्राव नसताना फक्त आकडा सुधारायला प्लेटलेटची पिशवी चढवून फायदा होतो का, हे तपासायला सिंगापूर आणि मलेशियात ३७२ प्रौढ रुग्णांवर चाचणी झाली. सगळ्यांच्या प्लेटलेट २० हजार किंवा त्याहून कमी होत्या. २०१७ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये तिचे निष्कर्ष आले. पिशवी चढवलेल्यांमध्ये रक्तस्राव कमी झाल्याचं सिद्ध झालं नाही, उलट दुष्परिणाम जास्त दिसले.

म्हणजे कालवा फुटलाय आणि आपण टेलला उभं राहून गेटचे नटबोल्ट मोजतोय, अशातला प्रकार.

पपईच्या पानांचं काय? काही छोट्या अभ्यासांमध्ये पपईच्या पानांच्या अर्कानं प्लेटलेट थोड्या वाढल्याचं दिसलंय. पण त्यानं अस्तराची गळती थांबते किंवा जीव वाचतो, याचा ठोस पुरावा नाही. उलट्या होणाऱ्या पेशंटला तो कडू रस पाजून आणखी उलट्या झाल्या, तर पाणी कमी होऊन नुकसानच व्हायचं. आणि सगळ्यात मोठं नुकसान म्हणजे पानं शोधण्यात गेलेला वेळ.

सलाईन कमीही नको आणि जास्तही नको

डेंग्यूच्या विषाणूला मारणारं मान्यताप्राप्त औषध अजून तरी नाही. उपचार म्हणजे मुख्यतः पाण्याचा हिशोब. पेशंट तोंडानं घेऊ शकत असेल तर ओआरएस, पेज, नारळपाणी, ताक. घेऊ शकत नसेल किंवा धोक्याची लक्षणं असतील तर सलाईन.

पण इथंही कालव्याचा नियम लागू होतो. अस्तर गळत असताना वरून भरमसाठ पाणी सोडलं तर ते मुरणार कुठं? फुप्फुसांभोवती आणि पोटातच. त्यात एक-दोन दिवसांनी जोड पुन्हा घट्ट झाले की बाहेर गेलेलं पाणी परत रक्तात यायला लागतं. तेव्हाही सलाईन चालूच राहिलं तर फुप्फुसात पाणी भरून श्वास लागतो. म्हणून डॉक्टर दर काही तासांनी हिमॅटोक्रिट, बीपी आणि लघवी बघून सलाईनचा वेग कमीजास्त करतात. 'अजून दोन बाटल्या लावा की डॉक्टर' हा आग्रह म्हणूनच धोक्याचा ठरू शकतो.

तापासाठी डॉक्टरांच्या सल्ल्यानं पॅरासिटामॉल. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक अशा अंगदुखीच्या गोळ्या मेडिकलमधून आपल्या मनानं आणून घ्यायच्या नाहीत. त्यांच्यामुळं रक्तस्रावाचा धोका वाढतो.

एकदा होऊन गेला, आता भीती नाही?

उलट आहे. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एकदा डेंग्यू झाला की त्या प्रकाराविरुद्ध दीर्घकाळ संरक्षण मिळतं. पण पुढं दुसऱ्या प्रकाराचा डेंग्यू झाला तर जुन्या अँटिबॉडी विषाणूला पूर्ण अडवू शकत नाहीत, आणि उलट त्याला पेशींमध्ये शिरायला वाट करून देऊ शकतात. मग विषाणू जास्त, एनएस१ जास्त आणि अस्तरावरचा मारही जास्त.

२०१७-१८ मध्ये देशातल्या १५ राज्यांत ५ ते ४५ वयाच्या १२ हजारांहून जास्त लोकांचं रक्त तपासण्यात आलं. त्यात ४८.७ टक्के लोकांना आधी कधी ना कधी डेंग्यूची लागण झाल्याचं दिसलं. यातल्या अनेकांना आपल्याला डेंग्यू होऊन गेलाय हे माहीतही नसेल, कारण बऱ्याचदा साधा ताप येऊन जातो. म्हणजे 'पहिल्यांदाच झालाय' असं वाटणारा डेंग्यू प्रत्यक्षात दुसरा असू शकतो.

या तपासण्यांमध्ये पुण्याचा मोठा वाटा आहे. १९५२ मध्ये सुरू झालेली पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजे एनआयव्ही, डेंग्यूच्या आयजीएम तपासणीचे किट बनवते आणि ते सरकारी कार्यक्रमातून देशभरातल्या प्रयोगशाळांना जातात. एनएस१ पहिल्या काही दिवसांत सापडतं, तर आयजीएम साधारण पाचव्या दिवसानंतर. म्हणून 'एनएस१ निगेटिव्ह आला, म्हणजे डेंग्यू नाही' असं परस्पर ठरवता येत नाही.

औषधाचा शोध कुठवर आलाय?

गळतीचं कारण कळल्यावर शास्त्रज्ञांनी थेट एनएस१ लाच अडवायचं ठरवलं. २०२१ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात दोन गटांनी एनएस१ ला अस्तरापासून दूर ठेवणाऱ्या अँटिबॉडी दाखवल्या. उंदरांमध्ये त्यांनी चांगलं काम केलं. माणसासाठीचं औषध यायला मात्र वेळ आहे.

लसीच्या आघाडीवर, पॅनेशिया बायोटेक आणि आयसीएमआर यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये भारतात चारही प्रकारांविरुद्धच्या एका डोसच्या लसीची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी सुरू केली. त्यात १० हजारांहून जास्त लोक सहभागी करायचं ठरलं होतं.

आणि अस्तराचा हा अभ्यास एकट्या डेंग्यूपुरता नाही. जंतुसंसर्ग रक्तात पसरतो त्या सेप्सिसमध्येही हेच अस्तर गळतं. उसाच्या फडात चावणाऱ्या घोणसच्या विषातली काही प्रथिनं रक्तवाहिन्यांच्या भिंतीवरच हल्ला करतात. अनेक वर्षं वाढलेली शुगर हळूहळू याच थराची झालर झिजवते. दुखणी वेगवेगळी, पण घाव एकाच जागी.

घरी काय बघायचं?

डेंग्यूचा ताप आला किंवा उतरला, तर पुढच्या गोष्टींवर लक्ष ठेवायचं.

पोटात सतत आणि जोरात दुखणं. उलट्या न थांबणं. नाकातून, हिरड्यांतून रक्त येणं किंवा काळी शी होणं. पेशंट खूप मलूल होणं किंवा उगाच अस्वस्थ होणं. हातपाय गार पडणं. धाप लागणं. चार ते सहा तास लघवीच न होणं.

यातलं एकही दिसलं तर प्लेटलेटचा आकडा कितीही असो, सकाळची वाट बघत बसायचं नाही. ग्रामीण रुग्णालय जवळ असेल तर तिथं, नाहीतर दाखल करून घेणाऱ्या जवळच्या दवाखान्यात लगेच जायचं. गरोदर बाया, लहान पोरं, म्हातारी माणसं आणि शुगरचे पेशंट यांच्याबाबतीत तर जास्तच सावध राहायचं.

आणि सुरुवात होते ती पाण्यापासूनच

जिथं नळाला रोज पाणी येत नाही, तिथं पाणी साठवावंच लागतं. टाकी, बॅरल, रांजण, हौद. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला हेच स्वच्छ, साठलेलं पाणी आवडतं. तो दिवसा चावतो. त्याची मादी पाण्याच्या कडेला भांड्याच्या भिंतीला अंडी चिकटवते आणि ती अंडी कोरडी पडली तरी काही महिने टिकतात. पुन्हा पाणी भरलं की त्यातून अळ्या बाहेर येतात. त्यामुळं पाणी नुसतं ओतून देऊन उपयोग नाही. आठवड्यातून एकदा भांडं रिकामं करून आतून घासावं लागतं आणि भरल्यावर झाकण लावावं लागतं. रिकामं करता न येणाऱ्या हौदात गप्पी मासे सोडायचे, किंवा आशाताई आणि आरोग्य कर्मचारी आले की त्यांच्याकडून अळीनाशक टाकून घ्यायचं.

कालव्याचं अस्तर फुटलं की लोक अर्ज देतात, आंदोलन करतात, अधिकाऱ्याला जाब विचारतात. कारण पाणी कुठं मुरतंय हे त्यांना माहीत असतं. डेंग्यूतही तेवढंच माहीत असायला हवं. पुढच्या वेळी ग्रुपवर 'प्लेटलेट किती?' असा मेसेज आला, तर खाली आणखी तीन प्रश्न टाकायचे. हिमॅटोक्रिट किती? बीपीच्या दोन आकड्यांमध्ये अंतर किती? आणि शेवटची लघवी कधी झाली?

पपईच्या पानांपेक्षा हे तीन प्रश्न फॉरवर्ड झालेले बरे.